मान हलवू नको

बस. मान वर. अशीच.
चार केस हायेत हनुवटीले, मोजून,
पण वस्तारा तो वस्तारा.
कूलर तुह्याकडं फिरवतो, थांब.
मामाकडं राहतं म्हणे आता, हिंगण्याले?
अन् दाढीले इथवर, सक्करदऱ्यात, सेहेचाळीस डिग्रीत?
बरं. मी विचारत नाही.

ते पुस्तक दिसते का,
तुरटी अन् पावडरच्या मधात, कव्हर फाटलेलं?
ते वाच.
गाइड नाही बे. नीटचंही नाही.
कादंबरी हाय, एका पोट्ट्याची.
नाव खुशाल,
अन् खुशाल एक दिवस नाही.

पंधरा वर्षांचा. मिशी यावी म्हणून
रोज रात्री कांद्याचा रस लावते ओठावर
अन् वर्गात एका बाकावर एकटाच बसते.
दुपारी कूलरच्या पंख्यात तोंड घालून
कुंदाले सांगाचं ते पाठ करते,
पंखा त्याचे तुकडे पाडते,
कुं-उं-दा-आ-म-अ-ले-ए,
अन् मांगून बाप म्हणते,
आधी पाणी भर त्यात.

हासू नको! पातं गळ्यावर हाय.

पंधरा ऑगस्टचं तर सांगतच नाही तुले.
सांगतो. पुसून घेऊ दे वस्तारा.
माईकवर प्रतिज्ञा त्याले म्हणाची होती.
पहिली ओळ गेली ठाणेदारावानी.
दुसरीत आवाज फाटला असा
का शाळेवरचे कबुतरं उडाले,
अन् हेडमास्तरनं चष्मा काढला,
घातला,
परत काढला.

आता हा गाल.
फेस जरा जास्तच लावतो, उगाच,
तुलेही वाटलं पाहिजे दाढी केली म्हणून.

सारंच हासण्याचं नाही त्यात.
मधात बाप त्याले मारते.
कायले ते तू वाच. चूक पोट्ट्याची नसते,
येवढं सांगतो.
दुसऱ्या दिवशी सकाळी तोच बाप
कोपऱ्यावरून पोहे आणते, कागदात,
समोर ठेवते, म्हणते,
तर्री घे अजून.
बस, येवढंच.
अन् खुशाल घेते अजून,
नाकाडोळ्यातून पाणी येते त्याच्या,
तर्रीनं का कशानं, लेखकानं लिहिलं नाही.
मले लय आवडलं ते,
त्यानं लिहिलं नाही ते.

मी कुठचा विकत घेतो?
एक गिऱ्हाईक विसरलं, आलंच नाही न्याले.
आता नंबर लागेतोवर जो तो वाचते,
अन् पानाचा कान मोडून ठेवते.
अठ्ठावन्नचा ऑटोवाल्या जैरामचा.
नव्वदचा वाल्दे मास्तरचा, ते पुढं गेलेच नाही.
अन् हा एकशे बाराचा
तुह्या बापाचा.

हलू नको म्हटलं ना!

हाव, शालिकभाऊचा. दर रविवारी.
कोराडीहून नाइट करून येते, डोळे लाल,
याच खुर्चीवर बसते.
कांद्याच्या रसावर असा हासला होता
का फेस उडाला थेट आरशावर.
तो ठिपका पाय, डाव्या कोपऱ्यात. पुसला नाही मी.
घरी नाही हासत म्हणतं?
असंल.
मले घरचं माहीत नाही, दुकानातलं माहीत हाय.

पण तीन रविवार झाले, कान सरकला नाही.
उघडते, वाचते, मिटते,
म्हणते, देविदास, लाव फेस.

एकशे बारावर काय हाय?
पोहे हायेत.

झालं. तुरटी झोंबल थोडी, झोंबू दे.
पाय आरशात. तसाच हायेस ना?
तसंच असते.

पुस्तक ने. मामाकडं ने, का घरी ने,
तुहं तू पाय.
रविवारच्या आत परत आण, का नको आणू.
फक्त तो कान सरळ करू नको त्याचा,
तुहा दुसरा मोड.

वीस रुपये झाले.
बापाच्या खात्यावर लिहू,
का तू देतं?